कारखान्याच्या वह्या परगावी

कोणत्याही कारखान्यात दोन प्रकारची कामे चालतात. एक काम यंत्रांवर चालते. ते सर्वांना दिसते, त्याचा आवाज होतो आणि त्याचा माल गाड्यांत भरून वेशीबाहेर पडतो. दुसरे काम वह्यांत चालते. मजुरांची हजेरी, पगारपत्रके, आलेल्या मालाची बिले, विकलेल्या मालाची येणी, सरकारचे कर, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ही सर्व कामे वेळच्या वेळी झाली नाहीत, तर यंत्रे उत्तम स्थितीत असूनही कारखाना महिन्या-दोन महिन्यांत ठप्प व्हावयाचा. हे दुसरे काम आपल्याच आवारात, आपल्याच नोकरांकडून करवून घ्यावे, की मोबदला देऊन बाहेरच्या कोणाकडे सोपवावे? आणि सोपवावयाचे तर कोणत्या गावी? आज या व्यवहारास 'आउटसोर्सिंग' असे नाव मिळाले आहे, त्यामुळे तो कालपरवाचा वाटतो. वस्तुतः तो जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्याकडील कित्येक शहरांचे भवितव्य गुंतलेले आहे.

आपल्या देशात कारखानदारीचा आरंभच मुळी या व्यवहाराने झाला. १८३४ साली कलकत्त्यास द्वारकानाथ ठाकुरांनी 'कार, टागोर आणि कंपनी' ही पेढी काढली. तिने आणि तिच्या मागून आलेल्या पेढ्यांनी जी पद्धत रूढ केली, ती पुढे 'मॅनेजिंग एजन्सी' या नावाने ओळखली जाऊ लागली. कारखान्याची कंपनी वेगळी आणि तिचा कारभार पाहणारी पेढी वेगळी. भांडवल उभे करणे, यंत्रे मागविणे, कच्चा माल घेणे, पक्का माल विकणे, हिशेब ठेवणे ही सर्व कामे कंपनी करार करून पेढीकडे सोपवी व पेढी त्याबद्दल कमिशन घेई. तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी, कोळशाच्या खाणी राणीगंजास, चहाचे मळे आसामात. परंतु त्यांच्या वह्या मात्र कलकत्त्याच्या क्लाइव्ह स्ट्रीटवर असत. असे का होते? बंदर तेथे होते, बँका तेथे होत्या, तारघर तेथे होते, आणि विलायतेतील व्यापाऱ्याला ज्यांच्या सहीची ओळख होती ती माणसेही तेथेच होती. जागेचे भाडे किंवा कारकुनाचा पगार स्वस्त म्हणून कोणी क्लाइव्ह स्ट्रीट निवडला नव्हता. तेथे पत होती म्हणून तो निवडला होता.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण नागपूरच्या एम्प्रेस मिलचे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापल्यावर गिरण्या मुंबईतच निघाव्यात असा जणू नियम पडला होता. जमशेटजी टाटांनी तो मोडला. कापूस वऱ्हाडात, कोळसा वरोऱ्याला; मग गिरणी मुंबईस कशाला, असा त्यांचा हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास गिरणी सुरू झाली. परंतु तिची कंपनी १८७४ मध्ये नोंदली गेली ती मुंबईस. भागीदार, बँका आणि यंत्रे आणणारी जहाजे ही सर्व मुंबईस होती. यंत्रांपाशी बेझनजी मेहतांसारखा विश्वासू माणूस बसवून टाटांनी पैशाचे व कागदाचे काम मुंबईशी जोडलेले ठेवले. यंत्राला कापूस जवळ हवा आणि वहीला पेढी जवळ हवी, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीत मात्र एक मोठे वैगुण्य होते. पेढीचे कमिशन पुष्कळदा उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरलेले असे. त्यामुळे गिरणी तोट्यात गेली तरी पेढीची कमाई चालूच राही. भागीदारांना वह्या वर्षातून एकदा दिसत, आणि त्याही पेढीने लिहिलेल्या. काम तर बाहेर दिलेच, पण त्याबरोबर कामावरची देखरेखही देऊन टाकली, असा हा प्रकार होता. १९३६ च्या कायद्याने या करारांच्या मुदतीवर मर्यादा घातली, १९५६ च्या कंपनी कायद्याने बंधने आणखी आवळली, आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली. काम परक्याकडे देता येते, पण त्यावरची नजर देता येत नाही, हा धडा आपल्या भागीदारांनी जवळजवळ शतकभर पैसे मोजून घेतला.

अमेरिकेत याच्या उलट टोकास गेलेला कारखानदार म्हणजे हेन्री फोर्ड. डेट्रॉइटजवळच्या रूज नदीकाठी त्याने उभारलेल्या कारखान्यात पोलाद, काच, वीज ही सर्व आवारातच तयार होई. मग कागदाचे काम बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता. १९३१-३२ मध्ये रोनाल्ड कोस नावाचा एक तरुण इंग्रज अभ्यासक शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला व तेथील कारखाने पाहत हिंडला. त्याला एकच कोडे उलगडावयाचे होते. बाजारात सर्व काही विकत मिळत असताना कंपन्या काही कामे स्वतः का करीत बसतात? १९३७ च्या निबंधात त्याने दिलेले उत्तर साधे होते. बाजारातून काम घेणे फुकट पडत नाही. योग्य माणूस शोधणे, भाव ठरविणे, करार लिहिणे, तो पाळला जातो की नाही हे पाहणे, या सर्वांस खर्च येतो. हा खर्च घरच्या कारभाराच्या खर्चाहून कमी असेल तरच काम बाहेर जाते. या विचाराचे मोल जगाने उशिरा ओळखले; कोस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९१ साली. पण त्यांच्या उत्तरात दुसऱ्याही प्रश्नाची किल्ली होती. कामासाठी गाव निवडताना मजुरीच्या दराबरोबर या शोधण्याचा, समजावण्याचा आणि तपासण्याचा खर्चही मोजावा लागतो, आणि तो अंतराबरोबर वाढत जातो.

सुरुवातीस हे अंतर किती थोडे होते, हे पॅटर्सनच्या गोष्टीवरून कळते. न्यू जर्सीतील पॅटर्सन हे रेशीमगिरण्यांचे जुने गाव. १९४९ साली हेन्री टॉब या तरुण हिशेबनिसाने तेथे एका आइस्क्रीमच्या दुकानावर दोन-तीन खोल्या घेऊन दुसऱ्यांची पगारपत्रके तयार करून देण्याचा धंदा मांडला. हजेरीचे कागद आणावयाचे, हिशेब करावयाचा आणि पगाराच्या दिवसाआधी तयार पत्रके पोचती करावयाची. ही ने-आण आरंभी बसने होई. म्हणजे बस जेथवर जाऊन वेळेत परत येई, तेथवरच त्याची बाजारपेठ होती. तेव्हाचा मालक गिऱ्हाईक म्हणून पाहत असे ते एवढेच, की माणूस ओळखीचा आहे काय आणि शुक्रवारी मजुराच्या हातात पाकीट पडेल काय. याच धंद्यातून 'ए.डी.पी.' ही जगभर पगारपत्रके करणारी कंपनी वाढली.

पुढे संगणक आला आणि अंतराची मर्यादा बदलली. १९६२ मध्ये रॉस पेरो यांनी डॅलस शहरी 'ई.डी.एस.' ही कंपनी स्थापिली. स्वतःचा संगणक विकत घेण्याइतका पैसा नव्हता. म्हणून एका विमा कंपनीचा संगणक ज्या वेळी रिकामा असे, ती वेळ विकत घेऊन त्यांनी दुसऱ्यांना विकली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक होते रेडिओची यंत्रे बनविणारा, दूर आयोवा राज्यातील एक कारखाना. या वेळी गाव निवडले गेले ते संगणक तेथे होता म्हणून. आपल्याकडेही हेच घडले. १९६८ साली टाटा सन्सने संगणकाच्या कामासाठी 'टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस' हा विभाग काढला. त्याच्या आरंभीच्या कामांत टाटांच्याच पोलाद कारखान्यासाठी छिद्रपत्रिकांवर हिशेब करून देण्याचे काम होते. एका बाजूस मॅनेजिंग एजन्सीचा कायद्याने अंत जवळ आला होता, आणि त्याच सुमारास त्याच घराण्याच्या पेढीत नव्या प्रकारच्या सेवेचे बीज पडत होते.

१९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी इन्फोसिस ही कंपनी काढली, हे सर्वश्रुत आहे. परंतु दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, तिने आपले ठाणे बंगळूरला हलविले, त्याचे कारण तितकेसे सांगितले जात नाही. मोटारींसाठी इंधनाचे पंप व स्पार्क प्लग करणारा 'मायको' हा बंगळूरचा कारखाना तिचे देशातील पहिले गिऱ्हाईक झाला होता, आणि गिऱ्हाइकाजवळ असणे अगत्याचे होते. पुण्यात विद्या कमी होती किंवा बंगळूरला माणसे स्वस्त होती, असा भाग नव्हता. कारखान्याला काम करणारी माणसे डोळ्यांसमोर हवी होती, एवढीच गोष्ट. पुढे जे शहर जगाच्या कचेऱ्यांचे शहर झाले, त्याच्या भाग्यात एका कारखान्याच्या या साध्या अपेक्षेचाही वाटा आहे.

तरीही १९८९ पर्यंत मोठे कारखाने आपल्या वह्या व संगणक सहसा सोडीत नसत. ती भीड मोडली कोडॅक कंपनीने. छायाचित्राची फिल्म करणाऱ्या या कंपनीने त्या वर्षी रॉचेस्टर येथील आपला संगणक विभाग आय.बी.एम.च्या हवाली केला. त्या विभागातील नोकरही नव्या मालकाकडे वर्ग झाले. काम तेच, शहर तेच, पण धनी बदलला. वर्षानुवर्षे एका नावाशी बांधलेल्या त्या माणसांना एका सकाळी आपण या कारखान्याचे नव्हे असे कळणे, ही गोष्ट लहान नव्हती. इतरांनी मात्र त्यातून एवढाच बोध घेतला, की कोडॅकसारख्या मातबर कारखान्याचे संगणकावाचून अडत नाही, तर आपलेही अडणार नाही. काम एकदा भिंतीबाहेर गेले, की ते रस्त्यापलीकडे राहिले काय आणि समुद्रापलीकडे गेले काय, हा केवळ तारेचा प्रश्न उरतो.

तारेचा प्रश्नही सुटत आला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या विद्युत्-उपकरणांच्या कंपनीने १९८५ मध्ये बंगळूरला केंद्र काढून उपग्रहाच्या साह्याने ते अमेरिकेशी जोडले. १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांची संस्था स्थापिली व लहान कंपन्यांनाही अशी जोडणी मिळू लागली. मग १९९७ साली जनरल इलेक्ट्रिकने गुरगाव येथे आपल्या कागदी कामासाठी एक शाखा उघडली. विजेच्या दिव्यापासून विमानाच्या इंजिनापर्यंत सर्व काही करणारी ही कंपनी. तिची बिले व खतावण्या दिल्लीच्या वेशीवर लिहिल्या जाऊ लागल्या.

गुरगावच का, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पगाराचा फरक मोठा होता, हे खरेच. इंग्रजी जाणणारे पदवीधर भरपूर होते. घड्याळ अनुकूल होते. न्यूयॉर्कहून आपण साडेनऊ ते साडेदहा तास पुढे, त्यामुळे तिकडे संध्याकाळी ठेवलेला कागद सकाळी तयार मिळे. परंतु कंपनीचे प्रमुख जॅक वेल्श १९८९ मध्येच भारतात येऊन गेले होते, आणि मधल्या आठ वर्षांत कंपनीची येथील माणसांशी ओळख झाली होती, हेही तितकेच महत्त्वाचे. शिवाय काम परक्याला न देता प्रथम आपल्याच शाखेला दिले. कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, चूक कशी मोजावयाची, हे पायरीपायरीने कागदावर उतरले. नीट चालते अशी खात्री पटल्यावरच, २००४ मध्ये, त्या शाखेतील ६० टक्के भाग ५० कोटी डॉलरला विकला. २००५ पासून ती 'जेनपॅक्ट' नावाने इतरांचीही कामे करू लागली. हैदराबादेसही तिचे मोठे केंद्र झाले. वेल्श यांच्या नावावर एक सूत्र सांगितले जाते. सत्तर टक्के काम बाहेर द्यावे, त्यातील सत्तर टक्के परदेशी द्यावे, आणि त्यातील सत्तर टक्के भारतात द्यावे. गुणाकार केला तर हे एकूण कामाच्या जेमतेम एक तृतीयांश भरते. म्हणजे या धाडसी सूत्रातही दोन तृतीयांश काम भारताबाहेरच राहत होते.

सर्व काम एका गावी का जात नाही, हेही पाहण्याजोगे आहे. याच कंपनीने जपानी गिऱ्हाइकांच्या कामासाठी चीनमधील दालियान निवडले. १९०५ ते १९४५ पर्यंत ते बंदर जपानच्या ताब्यात होते, आणि जपानी जाणणारी माणसे तेथे आजही मिळतात. फिलिप्स या डच कारखान्याच्या हिशेबाची केंद्रे चेन्नई, बँकॉक व पोलंडमधील वूच या तीन ठिकाणी होती; ती २००७ मध्ये इन्फोसिसने २ कोटी ८० लाख डॉलरला घेतली. वूच हे एके काळचे कापडगिरण्यांचे गाव. तेथील गिरण्या थंडावल्या, पण जर्मन व इतर युरोपीय भाषा जाणणारी तरुण पिढी होती, आणि २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आल्यामुळे तेथील माणसांची खासगी माहिती संघाबाहेर नेण्याची कायद्याची अडचणही उरली नाही. मुंबईच्या लोअर परळात जुन्या गिरण्यांच्या आवारात आज कचेऱ्या दिसतात, त्याचेच हे दूरचे भावंड. साबण व घरगुती वस्तू करणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबलने १९९९ नंतर आपली सेवाकेंद्रे तीन खंडांत ठेविली. अमेरिकेच्या घड्याळाशी जुळणारे कोस्टारिकातील सान होसे, इंग्लंडमधील न्यूकॅसल आणि इंग्रजी रुळलेले मनिला ही ती गावे होत. मग २००३ मध्ये तिने संगणकाचे काम दहा वर्षांच्या करारावर ३ अब्ज डॉलरला एका कंपनीस, तर नोकरवर्गाच्या व्यवस्थेचे काम ४० कोटी डॉलरला दुसऱ्या कंपनीस दिले. एकाच्याच हाती सर्व किल्ल्या द्यावयाच्या नाहीत, हा हिशेब त्यात स्पष्ट दिसतो.

या निवडीचे पुढे शास्त्रच झाले. २००४ पासून ए. टी. कर्नी ही सल्लागार संस्था देशांची तुलनात्मक यादी प्रसिद्ध करू लागली. तीत शंभरांपैकी ४० गुण खर्चास, ३० माणसांच्या कसबास व उपलब्धतेस, आणि ३० देशातील एकंदर परिस्थितीस होते. पहिल्याच यादीत भारत अग्रस्थानी आला. त्या वेळी आपल्याकडे या क्रमांकाचे कौतुक झाले. पण गुणांची वाटणी अधिक बोलकी होती. स्वस्ताईला शंभरांत चाळीसच गुण होते. उरलेले साठ शिक्षण, भाषा, कायदा, रस्ते, वीज आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय यांचे होते.

आणि गेलेले काम परतही येते. जनरल मोटर्सने १९८४ मध्ये अडीच अब्ज डॉलर देऊन पेरो यांची ई.डी.एस. कंपनीच विकत घेतली आणि १९९६ मध्ये ती पुन्हा वेगळी केली. पुढे या मोटार कारखान्याचे संगणकाचे सुमारे ९० टक्के काम बाहेरच्यांकडे होते. २०१२ मध्ये त्याने जाहीर केले, की आता प्रमाण उलटे होईल. ९० टक्के घरी आणि १० टक्के बाहेर. टेक्सास, मिशिगन, जॉर्जिया व अॅरिझोना येथे त्याने स्वतःची केंद्रे उघडली. पूर्वी संगणक मोटारीचा केवळ हिशेब ठेवी. आता तो मोटारीतच जाऊन बसला होता. कारखान्याच्या मुख्य विद्येचा भाग झालेले काम परक्याकडे ठेवणे म्हणजे पुन्हा मॅनेजिंग एजन्सीच.

त्यानंतरच्या दोन संकटांनी आणखी एक गोष्ट शिकविली. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईस पूर आला, आणि मार्च २०२० मध्ये साथीमुळे सारा देश बंद झाला. एकाच गावी सर्व वह्या ठेवणाऱ्यांची दोन्ही वेळा त्रेधा उडाली. आता पुष्कळ परदेशी कंपन्या ठेकेदाराऐवजी भारतात स्वतःची केंद्रे चालविणे पसंत करतात; अशी दीड हजारांहून अधिक केंद्रे देशात आहेत, आणि बंगळूरबरोबर हैदराबाद व पुणे ही त्यांची मोठी ठाणी आहेत. ज्या मायकोसाठी एक कंपनी पुणे सोडून गेली, तिचेही २००८ मध्ये बॉश असे नामांतर झाले, आणि बॉशच्या जगभरच्या कारखान्यांची कामे करणारे मोठे केंद्र त्याच शहरात उभे आहे.

क्लाइव्ह स्ट्रीटपासून गुरगावपर्यंतच्या या वाटचालीत एक नियम सतत आढळतो. जे काम पूर्णपणे लिहून समजावता येते, ते दूर जाते. ज्यात निर्णय, भीड आणि विश्वास लागतो, ते जवळ राहते किंवा जवळ परतते. जो कारखाना केवळ दर पाहून गाव निवडतो, त्याला तपासणीचा खर्च मागाहून भरावा लागतो. आणि जे गाव केवळ दरावर काम मिळविते, ते त्याहून स्वस्त गाव सापडेपर्यंतच ते राखू शकते. आता तर लिहून समजावता येणारे काम यंत्रालाच समजावता येऊ लागले आहे. म्हणजे केवळ पायऱ्या गिरविणाऱ्या हाताची स्पर्धा परगावाशी नसून निद्रा न घेणाऱ्या यंत्राशी आहे. नागपूरच्या गिरणीत जमशेटजींनी यंत्रांपाशी बसविलेल्या माणसाकडून केवळ वह्या लिहिण्याची अपेक्षा नव्हती. चूक दिसताच ती मालकास कळविण्याची अपेक्षा होती. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण त्या अपेक्षेस उतरतील, तोवर परगावच्या वह्या आपल्या दारी येत राहतील.